पाणी नितळ येईपर्यंत

मित्रांनो, अंगभर भोकं असणं ही एरवी मिरवायची गोष्ट नाही. बादलीला भोक पडलं तर ती मोडीत निघते आणि खिशाला पडलं तर धन्याला बोलणी बसतात. माझं मात्र भोकांवाचून चालतच नाही. मी गाळणी आहे. पितळी कड्याची, लाकडी मुठीची, आता बरीच जुनी झालेली. सुईला नावं ठेवणारी ती चाळणी माझ्या नात्यातलीच, पण मी तशी नाही. ठेवण्यासारखं असेल ते ठेवून घ्यायचं आणि जाऊ देण्यासारखं असेल ते जाऊ द्यायचं, एवढंच मला येतं. ते मात्र चांगलं येतं.

सध्या मी स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या भिंतीवर, एका वाकड्या खिळ्याला टांगलेली असते. या खिळ्याला मी फार मान देते. का, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. तसं माझं तोंड कायम उघडंच असतं म्हणा.

मला एका तारकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने घडवलं. केसासारख्या बारीक तारा तो उभ्याआडव्या विणायचा आणि मग मला उजेडासमोर धरून एक डोळा मिटायचा. एखादं भोक शेजारच्यापेक्षा मोठं दिसलं की तेवढी तार उसवून पुन्हा विणायचा. माझं काम पुरं झाल्यावर तो बायकोला म्हणाला होता, "ही काही चहा गाळायला जन्माला आलेली नाही. हिच्या नशिबी मोठं काम आहे." त्याचं म्हणणं निम्मं खरं ठरलं.

मला विकत घेतलं ते एका लाँड्रीच्या मालकाने. त्याला सगळे दादा म्हणत. दुकानाच्या पुढे काउंटर, मागे धुलाईची लांबट खोली, आणि त्या खोलीला लागूनच घराचं स्वयंपाकघर. मधल्या दाराला पडदा होता, पण तो नेहमी बाजूला सारलेला असे. म्हणून मला दोन्हीकडचं दिसायचं आणि ऐकू यायचं.

दादाचं काम म्हणजे कपडे कडक करणारी खळ. मोठ्या पातेल्यात तो खळ शिजवायचा, आणि ती शिजली की माझ्यातून गाळायचा. खळीत एवढीशी गाठ राहिली तरी शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीखाली तिचा पिवळा ठिपका उमटतो. मी एकही गाठ सोडली नाही. मोठ्या हॉटेलातले वाढपी आपले पांढरे कोट आमच्याकडेच टाकत, आणि दादा त्यांना म्हणायचा, "एक गाठ दाखवा, धुलाई फुकट." अशी गाठ कोणी कधी दाखवू शकलं नाही. त्या दिवसांत मला जरा गर्वच झाला होता.

दादाचा धाकटा भाऊ नाना. हा डागांचा राजा. गिऱ्हाईक घाबऱ्याघुबऱ्या काउंटरवर कपडा पसरून म्हणायचं, "डाग पडलाय हो, काहीतरी करा." नाना कपड्याला हातसुद्धा लावायचा नाही. आधी विचारायचा, "कशाचा?" रक्ताचा असेल तर गार पाणी, गरम लागलं की तो कायमचा बसला. तेलाचा असेल तर आधी पावडर. शाईचा असेल तर स्पिरिट. "कशाचा ते माहीत नसेल तर मी हात लावत नाही," असं तो ठणकावून सांगायचा. गिऱ्हाइकाला आठवत नसेल तर तो कपडा हुंगायचा, उजेडात धरायचा, पण कारण कळल्याशिवाय थेंब टाकायचा नाही.

त्याचा दुसरा नियम खंगाळण्याचा. डाग निघाला तरी साबण आणि औषध कपड्यात राहता कामा नये. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत खंगाळायचं. "अजून गढूळ आहे," असं म्हणून तो पुन्हा नळ सोडायचा. हे दोन नियम नीट लक्षात ठेवा. एक तो विसरला आणि दुसरा भलत्याच ठिकाणी लावला, त्याचीच ही गोष्ट आहे.

तिसरी त्यांची धाकटी बहीण. अख्खी गल्ली तिला आत्या म्हणते. ती इस्त्री करायची, अजूनही करते. इस्त्री तिच्या हातातही तापलेली असते आणि जिभेवरही. दोघे भाऊ तिला वचकून असत. भावांसाठी जीव टाकायची, पण ते तोंडाने कबूल करण्यापेक्षा तिने दहा चादरी जास्त इस्त्री केल्या असत्या.

धुलाईच्या खोलीला एकच खिडकी होती. ती रस्त्याच्या बाजूला उघडायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ यायची. एकदा एका वाढप्याच्या कोटावर ती बसली, त्याने दादाला चारचौघांत ऐकवलं, आणि दादाने त्याच दुपारी हातोडी घेऊन खिडकीला खिळे ठोकले. तेव्हापासून डाग काढायच्या औषधांचा उग्र वास खोलीतच कोंडून राहू लागला. बाहेरून येणारा माणूस नाकाला रुमाल लावायचा. या तिघांना तो वास येईनासा झाला होता.

पुढे काळ बदलला. डब्यात भरलेली, फवारायची खळ बाजारात आली. कानामागून आली आणि तिखट झाली! शिजवायला नको, गाळायला नको. पातेलं भंगारात गेलं आणि मी एका खणात, तुटक्या बटणांच्या डब्याशेजारी जाऊन पडले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. त्या खणात मी किती काळ होते ते मला सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजता येत नाहीत.

मग एकदा चहाची गाळणी फाटली आणि आत्याने मला बाहेर काढलं, राखेने घासलं आणि शेगडीपाशी आणलं. मला आधी अपमान वाटला. कुठे वाढप्यांचे कोट आणि कुठे चहाची पत्ती! पण चहाबरोबर माणसं बसतात आणि बोलतात, खळीबरोबर कोणी बसत नाही. हळूहळू मला ती बोलणी आवडायला लागली. दादा चहा बशीत ओतून प्यायचा आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून म्हणायचा, "बघ, हिने मला काय चांगले दिवस दाखवले होते."

मागल्या वर्षी दादा गेला. यकृताचा आजार होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. पोट दुखतं, भूक लागत नाही, असं तो बरेच दिवस म्हणायचा आणि दवाखान्याचं नाव काढलं की काउंटरवर जाऊन बसायचा. समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं, "आयुष्यभर ती केमिकलं छातीत भरली, दुसरं काय होणार?" बोलणारा बोलून गेला, पण नानाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

त्यानंतर नानाचा चहा कपातच गार होऊ लागला. एका सकाळी तो आत्याला म्हणाला, "दादा आणि मी एकाच खोलीत उभे राहिलो ना गं? त्याच्या अंगात जे गेलं, ते माझ्याही अंगात आहे."

"काहीतरी बोलू नकोस," आत्या म्हणाली. पण ओतताना तिची नजर त्याच्यावरच राहिली आणि चहा माझ्या कडेवरून ओट्यावर सांडला.

ते मुळीच काहीतरी नव्हतं, ती खरीखुरी भीती होती. एक भाऊ गेला, आता दुसरा जाईल या भीतीने आत्याची झोप उडाली. तपासणी करून घे, असं ती एकदा म्हणाली. नाना म्हणाला, "आणि काही निघालं तर?" तपासणीचं तिथेच राहिलं. मग आत्या फोनमध्ये उपाय शोधू लागली, आणि तिला ती हिरवी बाई सापडली.

त्या बाईचं खरं नाव मला माहीत नाही. हिरवा झगा, हिरवे डूल आणि हातात हिरव्या पाण्याचा पेला, म्हणून आत्याच तिला हिरवी बाई म्हणायची. ती फोनमधून गोड हसत सांगायची, की आपल्या शरीरात विष साठतं आणि तिच्या डिटॉक्स पेयाने ते धुऊन निघतं. काकडी, पालक, लिंबू, आलं वाटायचं, पाण्यात मिसळायचं, गाळायचं आणि दिवसभर प्यायचं. जेवण अगदी थोडं. चहा बंद. मीठ बंद, कारण मीठ म्हणे विष धरून ठेवतं. "डोकं दुखलं, गळून गेल्यासारखं वाटलं, तर घाबरू नका," ती म्हणायची. "ते विष बाहेर पडतंय!"

पी हळद आणि हो गोरी, असाच तो प्रकार. पण "धुऊन निघतं" हा शब्द नानाच्या थेट काळजात शिरला. धुणं हा त्याचा जन्माचा धंदा. जे कपड्याचं, तेच अंगाचं, असं त्याला वाटलं.

आणि मित्रांनो, मलाही आनंद झाला, हे लपवून काय करू? पुन्हा माझे दिवस आले होते. आत्या रोज सकाळी काचेची मोठी बरणी मांडायची, माझी मूठ धरायची आणि हिरवा लगदा माझ्यात ओतून चमच्याने दाबायची. खाली स्वच्छ हिरवट पाणी उतरायचं. नवल एवढंच वाटायचं, की चावून खाण्यासारखं जे काही होतं ते सगळं माझ्यात राहायचं आणि कचऱ्याच्या डब्यात जायचं. काकडी नुसती चिरून खाल्ली असती तर निदान पोट तरी भरलं असतं. पण गाळणीला कोण विचारतो?

हिरव्या बाईने दिवसाला एक बरणी सांगितली होती. नाना एकीवर थांबला नाही. तो न्हाणीघरातून बाहेर यायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "अजून पिवळट आहे."

"मग?" आत्या विचारायची.

"मग काय, नितळ येईपर्यंत खंगाळायचं. अजून एक बरणी कर."

असं करता करता बरणीमागून बरणी संपू लागली. मी दिवसभर ओलीच राहायचे. नानाचं डोकं दुखू लागलं. आत्या म्हणाली, "निघतंय वाटतं." त्याला मळमळू लागलं. "निघतंय." चालताना तो दाराच्या चौकटीला धडकला. आत्याने त्याला धरलं, बसवलं, आणि या वेळी तिचा आवाज जरा बारीक झाला होता, पण ती तेच म्हणाली. काय पण युक्ती आहे बघा. बरं वाटलं तर पेयाचा गुण, आणि वाईट वाटलं तरी पेयाचाच गुण! असा वकील मिळाला तर चोरसुद्धा साधू ठरेल. नानाने एखाद्या गिऱ्हाइकाला "कपडा फाटला म्हणजे डाग निघतोय" असं सांगितलं असतं, तर त्याचं दुकान केव्हाच बंद पडलं असतं.

एका सकाळी शाळेतल्या शिक्षिकाबाई पांढरी लोकरी शाल घेऊन आल्या. सुई टोचून बोटातलं रक्त तिच्यावर पडलं होतं. नानाने "कशाचा?" असं विचारलंच नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, तरी त्याने नुसती मान हलवली. शाल घेऊन तो मागे आला आणि त्याने ती उकळत्या पाण्याच्या बादलीत बुडवली.

आत्या तेव्हा स्वयंपाकघरात काकडीचा लगदा माझ्यात दाबत होती. मधल्या दारातून तिला ते दिसलं आणि तिचा हात थांबला. रक्ताला गरम पाणी! नानाने झोपेतसुद्धा हे केलं नसतं.

"नाना, अरे काय करतोस?"

नाना वळला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो त्या बंद खिडकीकडे पाहत होता, जिथे उभा राहून दादा खळ ढवळायचा. "दादा," तो अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "खळ गाळलीस का रे? वाढपी येतील आता."

माझी तार न् तार थंड पडली. कितीतरी वर्षांत मला कोणी खळीसाठी हाक मारली नव्हती, आणि ज्याला ती मारली तो या जगात नव्हता.

नाना खाली बसला, म्हणजे कोसळलाच. आत्या धावली. तिने आरडाओरडा केला तेव्हा शेजारचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला, आणि दोघांनी मिळून नानाला पावाच्या गाडीत मागे निजवलं. आत्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या दुसऱ्या हातात मी होते. मला खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. पावाच्या वासात, हिरवा लगदा गळत, मी आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत बसले आणि तेही दवाखान्यात जायला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण गडबडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी रक्त काढून घ्यायला लावलं आणि आत्याला विचारायला सुरुवात केली. कधीपासून? काय खातात? कोणती गोळी चालू आहे? रक्तदाबाची गोळी चालू होती, ती आत्याने सांगितली. आणि मग, "पितात काय?"

आत्याने हिरव्या बाईपासून बरणीपर्यंत सगळं सांगितलं. बोलताना ती हात हलवत होती, आणि हातात मी.

"हे काय आणलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी कोण ते तिला आठवत नव्हतं. "गाळणी," ती म्हणाली. "कशाला आणली... माहीत नाही." आणि तिथे, त्या परक्या बाईसमोर, ती हमसून रडली. "एक गेलाय हो माझा. हा तरी राहू दे म्हणून मीच केलं हे सगळं. मीच गाळून गाळून दिलं."

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिला बाकावर बसवलं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा त्या परत येऊन म्हणाल्या, "त्यांच्या रक्तातलं मीठ फार उतरलंय. पाणी अति झालं, खाणं आणि मीठ बंद, आणि त्यांची गोळीही लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी. त्याने मेंदूला सूज येते, म्हणून ते असं बोलतायत. वेळेत आणलंत. आता मीठ हळूहळू वर आणायचं, घाई करून चालणार नाही."

आत्या त्या बाकावरून हलली नाही. बेकरीवाल्याने आणून दिलेला पाव तिच्या मांडीवर तसाच राहिला. नाना शुद्धीवर होता, पण भानावर नव्हता. तो मध्येच चादर चाचपून "कशाचा?" असं पुटपुटायचा. नंतर हळूहळू त्याची नजर स्थिर झाली, आणि एका सकाळी त्याने खाटेशेजारच्या टेबलाकडे पाहून विचारलं, "ही गाळणी इथे काय करतेय?" आत्या इतकी हसली, की नर्स धावत आली.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा नानाने हळूच विषय काढला. "पण डॉक्टर, पाणी अजून नितळ आलं नव्हतं."

"ते नितळ यायचंच नसतं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला उचललं आणि कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाखाली धरलं. "तुमच्या पोटात अशा दोन गाळण्या आहेत. मूत्रपिंडं. दिवसरात्र रक्त गाळतात. जरासा पिवळेपणा म्हणजे मळ राहिला असं नाही, गाळणीने काम केल्याची ती खूण आहे. आता हे बघा." त्यांनी नळ बारीक सोडला. पाणी माझ्यातून शांतपणे उतरलं. मग त्यांनी नळ पूर्ण सोडला. मी शर्थ केली, पण पाणी माझ्या कडेवरून चहूकडे उसळलं आणि त्यांचा पांढरा कोट भिजला. "जास्त ओतलं म्हणून गाळणी जास्त गाळत नाही. ते असं वरून वाहतं. फक्त अंगात ते वाहून जायला बेसिन नसतं."

अति तेथे माती, हे मला ठाऊक होतं. अति तेथे पाणीसुद्धा, हे मला तेव्हा कळलं.

"आणि अंगातलं विष?" नाना म्हणाला.

"कुठलं विष?"

"म्हणजे?"

"नाव काय त्याचं? कशाचं विष म्हणाली ती बाई?"

नाना उत्तर द्यायला उठून बसला. मग त्याचे खांदे हलू लागले. आत्या घाबरून उठली, तिला वाटलं हा पुन्हा भरकटला. पण तो हसत होता. "अगं, कशाचं!" तो म्हणाला. "जन्मभर मी गिऱ्हाइकाला विचारत आलो. आणि त्या हिरव्या बाईला एकदासुद्धा विचारलं नाही."

आत्यानेही विचारून घेतलं, "पण डोकं दुखायचं ते?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आधी चहा सुटला आणि उपाशी राहिले म्हणून दुखलं असेल, पुढे मीठ उतरलं म्हणून. काकडी चांगली, पालक चांगला, लिंबूही चांगलं, पण ते भाजी म्हणून. धुणं त्यांच्याच्याने होत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि ती बिघडली तर बरणीने नव्हे, औषधोपचाराने बघावं लागतं.

नानाने अंगावरच्या चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. मग त्याने दादाचं सांगितलं. ती कोंदट खोली, औषधांचा वास, समाचाराला आलेल्यांचं ते बोलणं. डॉक्टरीणबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. "ही भीती मात्र खरी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाचं कशाने झालं ते मी आज सांगू शकत नाही. पण तुमचं यकृत कसं आहे ते सांगू शकते. तपासायचं?"

नाना खिडकीबाहेर पाहू लागला. तेव्हा मला कळलं, की त्याने इतक्या बरण्या का रिकाम्या केल्या. बरणी काही निकाल सांगत नाही. बरणीला घाबरायचं कारण नव्हतं.

"तपासा म्हण," आत्या हळूच म्हणाली. "नाना, मी आहे इथे."

त्याने हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि निकाल येईपर्यंत, मला वाटतं, ते मनातून मिटलेलेच होते. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "यकृत ठीक आहे. मूत्रपिंडंही." नानाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो स्वतःसाठी रडला नसावा. "दादाने एकदा हात पुढे केला असता तर," असं काहीसं तो म्हणाला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी तिच्या जिभेवर इस्त्री नव्हती.

निघताना डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी बदलून नवी लिहून दिली आणि एकच प्रश्न विचारला, "त्या खोलीला खिडकी आहे का?"

"आहे," नाना म्हणाला. "खिळे ठोकलेली."

घरी आल्यावर नानाने चहासुद्धा घेतला नाही. बेकरीवाल्याकडून हातोडी आणली आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिळे गंजलेले होते. ते दादाच्या हाताने ठोकलेले होते. हातोडीच्या नखात पहिल्या खिळ्याचं डोकं धरून तो थबकला, आणि मला वाटलं, हा काही ओढायचा नाही.

"ओढ," आत्या मागून म्हणाली. "तो असता तर त्यानेच ओढला असता."

खिळा किंचाळत बाहेर आला, वाकडा होऊन. मग बाकीचे आले. खिडकी उघडली आणि रस्ता आत आला. गाड्यांचे आवाज, बेकरीचा वास, वारा, आणि अर्थातच धूळ. दोरीवरच्या ताज्या पांढऱ्या चादरीवर ती बारीक बारीक बसताना सगळ्यांना दिसली. नानाचा चेहरा पडला.

"बघतोस काय?" आत्या म्हणाली. "पुन्हा धुवू."

आता त्या खिडकीत पंखा आहे, आतली हवा बाहेर फेकणारा. डाग काढताना नाना हातमोजे घालतो आणि तोंडाला जाड मास्क बांधतो. गिऱ्हाइकं हसतात, पण तो काढत नाही. अंगात गेलेलं धुऊन काढण्यापेक्षा आत जाऊ न देणं बरं, हे त्याला पटलं आहे. शिक्षिकाबाईंच्या शालीवरचा डाग मात्र कायमचा बसला, आणि आखडलेली ती शाल आता नानाच्या खुर्चीवर असते. त्यांना त्याने नवी घेऊन दिली.

मित्रांनो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. मी बिघडले तर तारकाम करणारा मला उसवून पुन्हा विणील. तुमच्या पोटातल्या गाळण्या मात्र कोणी बाजारातून आणलेल्या नाहीत. त्या टांगलेल्या दिसत नाहीत, वाजत नाहीत, कौतुकही मागत नाहीत. त्यांना वेळेवर जेवण, तहानेपुरतं पाणी आणि शांत झोप द्या. कोणी गोड हसून "विष धुऊन काढतो" म्हणालं, तर त्याला आधी विचारा, "कशाचं?" आणि खरंच भीती वाटत असेल तर ती बरणीत बुडवू नका. ज्याला तपासता येतं त्याच्यासमोर हात पुढे करा. सोबतीला कोणीतरी असतंच.

बाकीचे खिळे नानाने टाकून दिले. पहिला, वाकडा झालेला, त्याला टाकवेना. तो त्याने शेगडीशेजारी भिंतीत ठोकला आणि मला त्यावर टांगलं. रोज सकाळी आत्या मला तिथून काढते, चहा गाळते आणि तीन कप भरते. तिसरा बेकरीवाल्याचा असतो. इथून मला पडद्यापलीकडची खिडकी दिसते. चादरीवर धूळ बसली की नाना ती झटकतो, पुन्हा खंगाळायला टाकतो, आणि खिडकी तशीच उघडी ठेवतो.